‘तूर्तास’चा राहिलेला शेवट

सोजरबाई बेलदऱ्यांना कोणी विचारलं, की तुमच्या मच्छिंद्रनं तरुणपणी काय केलं, तर त्या एका दमात सांगतात, "पेठंतल्या लोकांच्या म्होरं, एवढ्या मोठ्या स्टेजवर, लई झ्याक बसून दाखवलं त्यानं."

हे वाक्य गेली वीस वर्षं कात्रजच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सगळ्या सोयऱ्यांनी ऐकलेलं आहे. मच्छिंद्रच्या लग्नात ते ऐकवलं गेलं, त्याच्या मुलीच्या बारशात ऐकवलं गेलं, आणि एकदा तर नवा टेम्पो पूजेला उभा असताना भटजींनाही ऐकवलं गेलं. सोजरबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी त्या दिवशी पहिल्या रांगेतून जे पाहिलं, तेच त्या सांगतात. चार जण स्टेजवर होते. तिघं वाजवत होते. चौथा त्यांचा मुलगा, पुढ्यात दहा-बारा भांडी मांडून बसला होता.

तो बसलेला मुलगा आता सेहेचाळीस वर्षांचा आहे. ‘सोजर मंडप, लाइट आणि साऊंड’ या नावानं त्याचा धंदा आहे. पुण्यात रोज कोणी ना कोणी कोणाचा तरी सत्कार करत असतं आणि त्यातल्या बऱ्याच सत्कारांना लागणारा मांडव, खुर्च्या, समई आणि माईक मच्छिंद्र पुरवतो. समईत वाती घालायला माणसं विसरतात म्हणून तो खिशात वाती ठेवतो. काडेपेटीही ठेवतो. वक्ता कितीही बोलला तरी मच्छिंद्र माईकचा आवाज कमी करत नाही. आयोजक मागून खुणा करतात, चिठ्ठ्या पाठवतात, एका आयोजकानं तर त्याच्या पाया पडण्याचा आविर्भाव केला होता. मच्छिंद्र मान हलवतो. "माणूस बोलतोय ना? मग बोलू द्या. अर्धवट तोडलेलं माणूस जन्मभर विसरत नाही."

हे त्याला कुठून कळलं, याची एक गोष्ट आहे.

वीस वर्षांपूर्वी पुण्यात मोजून चार रॉक बँड होते आणि प्रत्येकात एकच माणूस बरा वाजवायचा. हे चार बरे वाजवणारे एकत्र आले तर काय बहार होईल, असं केयूर आगाशेच्या मनात आलं. केयूर बास गिटार वाजवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांना एकत्र आणायचा. त्यानं सलिल केतकरला गाठलं, कारण सलिलसारखी गिटार शहरात कोणी वाजवत नव्हतं, असं सलिलचंही मत होतं. कीबोर्डला शनिवार पेठेतली आनंदी लवाटे आली. लहानपणापासून पेटी शिकलेली. डाव्या हातानं केस बांधता बांधता उजव्या हातानं वाजवायची. राहिला ड्रम. तेव्हा कात्रजच्या बाजूच्या एका बँडमध्ये एक पोरगा आहे, तो जत्रेत हलगी वाजवायचा, आता ड्रम बडवतो, आणि ज्या खोलीत बडवतो तिथलं प्लास्टर राहत नाही, अशी बातमी आली. तो मच्छिंद्र.

चार बँड फोडून एक झाला. अशा बँडला बाहेरच्या देशात सुपरग्रुप म्हणतात. आपल्याकडे राजकारणात याला आघाडी म्हणतात आणि तिचं आयुष्यही साधारण तेवढंच असतं.

नावावरून तीन आठवडे वाद झाला. प्रत्येकाला आपल्या जुन्या बँडचं नाव त्यात हवं होतं. शेवटी जाहिरात छापायला द्यायची वेळ आली तेव्हा आनंदी वैतागून म्हणाली, "तूर्तास काहीतरी टाका रे!" केयूरनं ‘तूर्तास’च टाकलं. पुढे सगळ्यांना ते आवडलं. आवडलं नसतं तरी बदलायला अजून तीन आठवडे लागले असते.

वाजवायचं काय, यावर मात्र एकमत होतं. प्रोग्रेसिव्ह रॉक. हे काय असतं ते मच्छिंद्रनं घरी आईला समजावून सांगितलं होतं. म्हणजे असं, की एक गाणं सुरू होतं, ते संपायच्या आत त्यातून दुसरं निघतं, त्यातून तिसरं. ताल आधी सातचा असतो, मग अकराचा. ऐकणाऱ्यानं टाळी द्यायला हात वर केला, की ताल बदलतो.

"मग मान्सानं हात खाली कवा घ्यायचा?" सोजरबाईंनी विचारलं होतं. या प्रश्नाला प्रोग्रेसिव्ह रॉककडे आजही उत्तर नाही.

‘तूर्तास’नं एकच रचना केली. तिचे चार खंड होते. पहिला आनंदीचा, दुसरा सलिलचा, तिसरा केयूरचा. या तिन्ही खंडांत ड्रमवाल्यानं झांजेला नुसता ब्रश लावायचा होता, वाऱ्यानं पान हलावं तेवढा. कारण चौथा खंड सगळा मच्छिंद्रचा होता. आधी एकटा ड्रम, मग त्यावर बाकीचे चढत जाणार, आणि शेवट. केयूर म्हणायचा, "तीन खंड लोकांना वाटलं पाहिजे, हा माणूस इथे का बसलाय? आणि मग कळलं पाहिजे."

तालीम दर रविवारी सकाळी आनंदीच्या घरी असे. तिचे वडील शरच्चंद्र लवाटे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांची अट एकच होती: बरोबर एक वाजता सगळं बंद. एक ते चार ते झोपत. त्यांच्या इमारतीच्या दारावर पाटीच होती: ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही. उघडल्यास जे ऐकावे लागेल त्यास आपण जबाबदार.’ मजकूर लवाटे सरांचाच.

तालीम पहिल्या खंडापासून सुरू होई. पहिल्या खंडात वाद, दुसऱ्यात वाद, मधे कांदेपोहे, कांदेपोह्यांत कोथिंबीर आहे की नाही यावर वाद. तिसरा खंड निम्म्यावर येई आणि आतून लवाटे सरांचा खाकरण्याचा आवाज येई. एक वाजला.

"मच्छ्या, तुझं पुढच्या वेळी," केयूर म्हणे.

मच्छिंद्र ब्रश पिशवीत घाले आणि बस पकडून घरी जाई. घराच्या मागे गोठा होता. रस्त्याला जमीन गेली तेव्हा म्हशी विकल्या आणि गोठा रिकामा पडला. तिथे तो चौथा खंड एकटाच वाजवी. जत्रेतली हलगी, लहानपणी पत्र्यावर ऐकलेल्या गारा, म्हशींच्या गळ्यातल्या घंटा, सगळं त्यात आलं होतं. सोजरबाई तेव्हा दिवसभर भाजीच्या गाळ्यावर असत. त्यांनी ते कधी ऐकलं नाही. "कार्यक्रमातच ऐक," तो म्हणायचा. "शेवटी मी हाय. तोवर उठायचं न्हाई."

कार्यक्रमाचा दिवस आला. नदीकाठचं एक मैदान ठरलं होतं. सोजरबाई गल्लीतल्या बायका घेऊन टेम्पोनं आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

आता चार बँड फुटून एक बँड झाला होता आणि हे पुणं होतं. ज्या चार बँडमधून माणसं आली त्यांच्या प्रमुखांचा सत्कार करायला नको? करायला हवा. मग चौघांच्या संगीतातल्या गुरूंचा. मग चौघांच्या आईवडिलांचा, कारण त्यांनी घरात एवढा आवाज सोसला. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. पुण्यात दोन शब्द म्हणजे किती, हे कोणत्याही कोशात दिलेलं नाही. सोजरबाईंनाही शाल मिळाली. त्यांना दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या खरंच दोनच शब्द बोलल्या, "बरं वाटलं." त्या संध्याकाळचं ते सर्वांत लहान भाषण.

प्रमुख पाहुणे होते लवाटे सर. घर तालमीला दिलं होतं, त्यांना डावलणार कसं? आणि लवाटे सर विषयाची तयारी केल्याशिवाय कुठे उभे राहत नसत. ते तीन आठवडे ग्रंथालयात बसले होते. पाश्चात्त्य संगीताची सुरुवात त्यांनी ग्रीकांपासून केली. लोकांनी घड्याळं पाहिली तेव्हा ते सतराव्या शतकात होते आणि तिथे त्यांना करमत होतं.

शेवटी वाजवायला सुरुवात झाली. पहिला खंड छान झाला. दुसरा त्याहून छान. तिसऱ्या खंडात केयूरनं अशी बास वाजवली, की सलिलनंसुद्धा मान डोलावली. मच्छिंद्र झांजेवर ब्रश फिरवत होता आणि घामानं भिजला होता. तिसरा खंड संपत आला. त्यानं ब्रश खाली ठेवले आणि काठ्या उचलल्या. पहिल्या रांगेत आई सावरून बसलेली त्यानं पाहिली.

तेवढ्यात एक हवालदार स्टेजपाशी आला. भला माणूस होता. त्यानं कर्ण्याकडे बोट दाखवलं, मग मनगटाकडे, आणि नम्रपणे म्हणाला, "दहा वाजले, साहेब. स्पीकर बंद करा."

स्पीकर बंद झाला. सलिल केयूरकडे वळून म्हणाला, "सोळा सत्कार? सोळा?" केयूर म्हणाला, "आणि तू गिटार सुरात लावायला किती वेळ घेतलास? गिटार होती की सतार?" दोघं भांडत स्टेजच्या मागे गेले. आनंदी वडिलांकडे पाहून रडली. लवाटे सरांना वाटलं, भाषणानं भारावली. मच्छिंद्र काठ्या हातात घेऊन बसून राहिला.

‘तूर्तास’ त्या रात्री संपला. सलिल आणि केयूर त्यानंतर एकमेकांशी बोललेच नाहीत. आणि सोजरबाई टेम्पोत बसताना शेजारणीला म्हणाल्या, "माझा सत्कार झाला. ह्यो पण बसला छान."

*

या वर्षी सोजरबाईंच्या उजव्या कानानं काम थांबवलं. डॉक्टर म्हणाले, डावाही निघाला आहे, हळूहळू जाईल; किती हळू ते सांगता येत नाही. यंत्र आणलं. सोजरबाईंनी ते एक दिवस घातलं आणि डबीत ठेवलं. "त्याच्यात माशी हाय," त्या म्हणाल्या. "मान्सं बोलत न्हाईत, निस्ती माशी बोलती."

आता फोनची घंटा त्यांना ऐकू येईना. मग नातीची हाक येईनाशी झाली. बोलणं त्या ओठांवरून ओळखू लागल्या आणि मनाला येईल तसं ओळखू लागल्या. एक दिवस मच्छिंद्रनं गोदामात लोखंडी खांब खाली टाकला, तेव्हा अंगणात बसलेल्या आईनं वळून पाहिलं.

‘अजून एवढं येतंय,’ त्याच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं. एवढंही जाईल. मग आपण जन्मभर बसलेलेच राहणार.

सोयऱ्यांसमोरचा टोमणा त्याला कधी लागला नव्हता. तो स्वतःही त्यावर हसायचा. पण आईनं आपला चौथा खंड एकदाही ऐकला नाही आणि आता ऐकू शकणार नाही, हे त्या खांबाच्या आवाजानं त्याच्या मनात असं रुतलं, की तो उचललेला दुसरा खांब धरून कितीतरी वेळ उभा राहिला. शेवटी कामावरच्या सुखदेवनं विचारलं, "मालक, ह्यो ठेवायचा का न्यायचा?"

त्याच आठवड्यात आनंदीचा फोन आला.

"मच्छिंद्र, बाबांना एक्याऐंशी पूर्ण होतायत. सहस्रचंद्रदर्शन करायचंय. आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये. मांडव, खुर्च्या, साऊंड सगळं तुझं."

"करू की. पण एक अट आहे."

"बोल."

"सलिल आणि केयूरला बोलाव. चौथा खंड वाजवायचा."

 आनंदी आता शाळेत संगीत शिकवते आणि दिवसभर पोरांकडून तेच ते स्वागतगीत बसवून घेते. "अरे, ते दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत," ती म्हणाली.

"तोंड बघायला कोण सांगतंय? माझ्याकडे बघून वाजवायचं."

दोघंही आले. मच्छिंद्रच्या गोदामात, खुर्च्यांच्या चळती आणि गुंडाळलेल्या कनातींच्या मधे, ‘तूर्तास’ पुन्हा जमला. सलिल आता हिंजवडीत मोठा साहेब आहे. त्यानं कानात घालायचे बोळे आणले होते. केयूर भौतिकशास्त्राचे क्लास घेतो आणि मुलांना एकत्र आणतो. दोघं गोदामाच्या दोन टोकांना बसले.

"आनंदी, त्याला सांग, बासचा आवाज कमी ठेव म्हणावं."

"आनंदी, त्याला सांग, बोळ्यांतून नुसती बासच शिरते. ते काढ म्हणावं."

"मी काय टेलिफोन आहे का?" आनंदी म्हणाली. "मच्छिंद्र, सुरू कर."

मच्छिंद्रनं सुरू केलं. हात विसरले नव्हते. वीस वर्षांत दर दिवाळीला, गोदाम बंद असताना, तो एकदा तरी हे वाजवत आला होता, देवाची भांडी वर्षातून एकदा घासावीत तसं. मग आनंदी चढली, केयूर चढला, सलिल चढला. चौघांच्याही अंगावर काटा आला. शेवट जवळ आला. आणि सलिल एकीकडे गेला, केयूर दुसरीकडे, आनंदीनं तिसरंच काही धरलं, आणि सगळं गाडं खड्ड्यात जाऊन थांबलं.

"आनंदी, त्याला विचार, हा काय शेवट आहे? शेवट तेरा मात्रांचा आहे. आपटून थांबायचं," सलिल म्हणाला.

"आनंदी, त्याला सांग, शेवट विरत जातो. नदीसारखा. पहिल्यापासून ठरलंय."

"नाही रे," आनंदी हळूच म्हणाली. "शेवटी पहिल्या खंडाची सुरावट परत येते. मी तर वीस वर्षं तीच..."

ती थांबली. सलिलनं कानातले बोळे काढले. चौघंही एकमेकांकडे पाहू लागले आणि एकाच वेळी चौघांच्याही ध्यानात आलं. तालीम चौथ्या खंडापर्यंत कधी पोहोचलीच नव्हती. एक वाजायचा आणि सर खाकरायचे. शेवट कधी ठरलाच नव्हता. प्रत्येकानं आपापला शेवट मनात धरून ठेवला होता आणि हवालदारानं येऊन तो मोडला, असं समजून वीस वर्षं एकमेकांवर राग धरला होता.

"म्हणजे त्या दिवशी बाबा एवढं बोलले नसते..." आनंदी म्हणाली.

"तर भर स्टेजवर आपटलो असतो," मच्छिंद्रनं वाक्य पुरं केलं.

यानंतर शहाणी माणसं हसली असती आणि एक शेवट निवडला असता. पण सुपरग्रुपमध्ये सगळेच उत्तम असतात, ही त्यातली अडचण असते. तेरा मात्रा की नदी की सुरावट, यावर आनंदीच्या मार्फत पुन्हा वाद सुरू झाला. मच्छिंद्र काठ्या मांडीवर ठेवून ऐकत बसला. बसण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

"प्रत्यक्ष वाजवताना बघू," शेवटी केयूर आनंदीला म्हणाला, आणि दोघं दोन दारांनी बाहेर पडले.

*

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी पार्किंगमधल्या गाड्या रस्त्यावर गेल्या आणि मांडव उभा राहिला. एका बाजूला लाकडी फळ्यांचं ठेंगणं स्टेज, त्यावर डाव्या कोपऱ्यात कीबोर्ड आणि गिटार, उजव्या कोपऱ्यात ड्रम. ड्रमच्या शेजारीच साऊंडचं यंत्र, मच्छिंद्रच्या हाताशी. सकाळी पूजा झाली. बायकांनी ताटभर दिवे लावून सरांना ओवाळलं. मग ग्रंथतुला झाली. एका पारड्यात सर बसले, दुसऱ्यात नकाशांची पुस्तकं ठेवली. सर इतके हडकुळे, की पुस्तकं निम्मी उरली. सर नाराज दिसले, ग्रंथांचा अपमान झाल्यासारखे.

सोजरबाई पहिल्या रांगेत होत्या. अंगावर तीच शाल. "सत्काराला जायाचं म्हंजी शाल नको?" त्या निघताना म्हणाल्या होत्या. मच्छिंद्रनं तोंडासमोर येऊन, ओठ मोठे करून सांगितलं होतं, "आज शेवटी मी हाय."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "बस. मी बघते."

या इमारतीत पाटी अजून होती आणि पाटीला आता आप्पासाहेब होते. सोसायटीचे चिटणीस. ते सकाळपासून तीनदा येऊन सांगून गेले होते, "एक म्हणजे एक. एक वाजता मी पार्किंगचा करंट बंद करणार. वरती माणसं झोपतात." नियम लवाटे सरांच्या काळचा होता, पण नियमाचं आणि मुलाचं सारखंच असतं, मोठा झाला, की बापाचं ऐकत नाही.

वेळ भरपूर होता. सव्वाबाराला आनंदीनं वडिलांच्या हातात माईक दिला आणि म्हणाली, "बाबा, दोनच शब्द."

सर उभे राहिले. "चंद्र," ते म्हणाले.

केयूरनं डोळे मिटले. सलिलनं गिटारचा पट्टा खांद्यावरून काढून पुन्हा घातला.

सरांनी तयारी केलेली होती. चंद्र कसा निर्माण झाला इथपासून त्यांनी सुरुवात केली. पृथ्वी अजून गार व्हायची होती. मच्छिंद्र ड्रमच्या मागे बसून ऐकत होता. त्याच्या उजव्या हाताशी सरांच्या माईकचं बटण होतं. एक बोट पुरलं असतं. आवाज जरासा बसला असता, सर थांबले असते, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि आईनं ऐकलं असतं. आनंदीनंही वळून एकदा त्या बटणाकडे पाहिलं आणि मग मच्छिंद्रकडे. त्या पाहण्यात मुलीची परवानगी होती.

मच्छिंद्रनं सरांकडे पाहिलं. हातातला कागद डोळ्यांजवळ धरला होता, पण आवाज तोच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आकाशातल्या गोष्टी सांगताना एक्याऐंशी वर्षांचा माणूस पायाच्या चवड्यांवर उभा राहत होता. यापुढे कोण यांच्या हातात माईक देणार? त्यानं आईकडे पाहिलं. मग हात बटणावरून काढला आणि मांडीवर ठेवला. तिसऱ्या खंडात आपली पाळी यायची वाट बघायचा, तसा बसून राहिला.

सर भरतीओहोटीपर्यंत आले होते. "आणि म्हणून मला वाटतं, माणसाच्या आयुष्यातही चंद्र जेव्हा..." ते म्हणाले, आणि माईक मेला. पंखे थांबले, दिवे गेले. मांडवाच्या टोकाला आप्पासाहेब हात झटकत उभे होते. "एक," ते म्हणाले.

सर माईककडे पाहत राहिले. त्यांनी तो एकदा ठोकला. मग मच्छिंद्रकडे वळले. "माझं वाक्य अर्धंच राहिलं की रे."

"सवय होते, सर," मच्छिंद्र म्हणाला.

सर त्याच्याकडे टक लावून पाहू लागले. मग त्याच्या मांडीवरच्या काठ्यांकडे. भूगोलाच्या माणसाला जुनी जागा ओळखायला थोडा वेळ लागतो, पण ती सापडते. "तुझंही काहीतरी राहिलं होतं ना? त्या मैदानात?"

"चौथा खंड, सर."

"माझ्यामुळे?"

"हो," सलिल आणि केयूर एकदम म्हणाले. वीस वर्षांतलं हे त्यांचं पहिलं एकमत.

"सगळ्यांमुळेच, बाबा," आनंदी म्हणाली. "आणि आता करंटच नाही. गिटार नाही, कीबोर्ड नाही, काहीच नाही."

मच्छिंद्रनं मेलेल्या वायरींवरून नजर फिरवली. गिटारला करंट लागतो. कीबोर्डला लागतो. बासला लागतो. त्यानं समोर मांडलेल्या ड्रमकडे पाहिलं, जणू ते आज पहिल्यांदाच दिसत होते. त्या रात्री हवालदारानं बोट कर्ण्याकडे दाखवलं होतं. ड्रमकडे कोणी दाखवलं नव्हतं.

"सर," तो म्हणाला, "मला करंट लागत नाही."

"इथे एक ते चार कुठलंही वाद्य चालणार नाही," आप्पासाहेब पुढे आले. "पाटी वाचा. लवाटे सर, मजकूर तुमचाच आहे."

"माझाच आहे," सर म्हणाले. "आप्पासाहेब, गेली पन्नास वर्षं एक ते चार मी झोपत आलो, म्हणून तो नियम. आज मी जागा आहे. ज्यांना झोपायचं असेल त्यांनी माझं पुढचं भाषण ऐकायला यावं." आणि खुर्चीत बसत त्यांनी हात हलवला. "वाजव रे तू."

मच्छिंद्रनं काठ्या उचलल्या.

आधी त्यानं कडेवर वाजवलं, पत्र्यावर पहिल्या चार गारा पडाव्यात तसं. मग गारा वाढल्या. मग खालून हलगी उठली, कात्रजच्या जत्रेतली, जी अंगात शिरली की पाय जमिनीवर राहत नाहीत. मांडवाचे खांब थरारले. वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या. भांडायला बाहेर आलेली डोकी बाहेरच राहिली. सलिल गिटारच्या मुक्या तारांवर बोटं फिरवत होता. केयूरही. कोणाला काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघं अगदी जुळवून वाजवत होते. शेवट जवळ आला तसं आनंदीनं श्वास रोखला. तेरा? नदी? सुरावट? मच्छिंद्रनं तिघांकडेही पाहिलं नाही. त्यानं हलगीवाल्यांची जुनी रीत धरली. एकच बोल तीनदा, प्रत्येक वेळी थोडा जवळ येत. तिसऱ्यांदा तो असा पडला, की समईतली वात विझली.

वातीचा धूर वर गेला. मग टाळ्या. मच्छिंद्रला त्या ऐकू आल्या नाहीत. तो आईकडे पाहत होता.

सोजरबाई जागेवरून हलल्या नव्हत्या. शाल सावरून त्यांनी विचारलं, "एवढंच व्हतं?"

"व्हय, आई."

"मग त्या दिवशीच वाजवायचं की. कर्णा गेला तर काय हात गेलं व्हतं?"

मांडव हसला. मच्छिंद्रही हसला. त्यानं वाकून, ओठ मोठे करून विचारलं, "ऐकू आलं का पण?"

सोजरबाईंनी थोडा विचार केला. "पायातनं आलं," त्यांनी स्टेजच्या फळ्यांवर टेकवलेले अनवाणी पाय दाखवले. "कानात निम्मंच आलं. तू ह्या अंगाला बसलास, ह्यो कान मेलेला हाय." त्यांनी उजवा कान हलवून दाखवला. "मला तिकडं बसव. मग परत वाजीव. बिगीनं, मास्तर झोपायच्या आत."

सोजरबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. तेव्हा सलिल एका बाजूनं पुढे झाला आणि केयूर दुसऱ्या बाजूनं. दोघांनी वाकून खुर्ची धरली आणि वाकलेलेच थांबले. आनंदी मधे पडली नाही.

"तू मागचा पाय धर," सलिल म्हणाला.

"धरलाय," केयूर म्हणाला. "उचल."

खुर्ची शालीसकट उचलली गेली, ड्रमच्या पुढून वळली आणि पलीकडे टेकली. सोजरबाईंनी डावा कान पुढे केला, पाय पुन्हा फळीवर ठेवले आणि मुलाकडे मान हलवली.

मच्छिंद्रनं काठ्या वर केल्या.